धोटा, विडी आणि दोनशे तासांचं प्रमाणपत्र



२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सोलापूरच्या एका गिरणीचा निकाल दिला. गिरणीचं कागदोपत्री नाव ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’. सोलापूरकरांच्या तोंडी ती जुनी गिरणी. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली. पुढच्या जानेवारीत केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि एप्रिलमध्ये केवळ या एका गिरणीसाठी कायदा झाला. चिरंजितलाल चौधरी या भागधारकानं त्याला आव्हान दिलं, ते फेटाळलं गेलं. मग द्वारकादास श्रीनिवास हे दुसरे भागधारक न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५३ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल लागला. मालमत्तेच्या हक्काविषयीची १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निकालांमुळे करावी लागली, त्यांतला हा एक. कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही खटले आजही घोकतात. गिरणी सोलापुरात कुठं होती हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना सांगता येईल.

त्या कायद्याच्या उद्देशिकेत सरकारनं आपलं कारण मोकळेपणानं मांडलं होतं. कंपनीच्या गैरकारभारामुळे आणि हेळसांडीमुळे जीवनावश्यक मालाच्या उत्पादनाला धक्का बसला आणि समाजाच्या एका वर्गात गंभीर बेकारी आली, असा त्याचा आशय. म्हणजे १९५० साली दिल्लीनं सोलापूरच्या बेकारीचं खापर व्यवस्थापनावर फोडलं होतं. कामगाराला काम येत नाही, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

गेल्या पंचवीस वर्षांत हे खापर हळूहळू सरकत कामगाराच्या डोक्यावर आलं. आता बेकारीचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: नोकऱ्या आहेत हो, पण पोरांकडे कौशल्य नाही. मंत्री म्हणतात, कारखानदार म्हणतात, पदवीदान समारंभातले पाहुणेही म्हणतात. त्यात तथ्य आहेच. पण सोलापूरपुरतं पाहिलं तर हे वाक्य निम्मं खरं आहे, आणि त्या उरलेल्या निम्म्याविषयी आज बोलायचं आहे.

जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, सोलापूर भागात भीषण दुष्काळ चालू असताना. मुंबईचे मोरारजी गोकुळदास तिच्यामागे होते. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि दुष्काळी गाव भोंग्यावर उठायला लागलं. या गिरण्यांत कामाला येणारा माणूस बहुतेक वेळा शेतावरून आलेला असे. त्याला यंत्राचा गंधही नसे. त्याला शिकवलं कुणी?

मुंबईत गिरण्यांची तांत्रिक गरज भागवायला १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, निघाली. ती गिरणीतल्या तंत्रज्ञांची आणि अधिकाऱ्यांची शाळा. खालच्या मजुराची शाळा खात्यातच भरायची, आणि तिचा मास्तर असायचा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम. बदली म्हणून आलेला पोरगा पहाटे दारात उभा राहायचा. कुणी गैरहजर असलं तर आत. काम मिळालं नाही तरी चुलत्याच्या किंवा मेहुण्याच्या मागाशेजारी उभं राहून बघायचं. तुटलेली तार कशी शोधायची, गाठ किती बारीक बसली म्हणजे कापडात दिसत नाही, मागाचा आवाज बदलला की कुठला भाग सैल झाला, हे सारं बघून बघून अंगात मुरायचं. ही पद्धत आदर्श मुळीच नव्हती. जॉबर लाच घ्यायचा, जातीची आणि गावची माणसं भरायचा, बायकांना वाइंडिंग-रीलिंगच्या पुढं सरकू द्यायचा नाही. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती: शिकणं आणि पगार एकाच दारातून आत यायचे. बदलीचा कायम झाला की हजेरी पक्की, आणि हात बसला की मोबदला वाढलेला.

जुनी गिरणी साठच्या दशकात कायमची थांबली. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा नव्वदच्या दशकात बंद झाला. नरसिंग गिरजी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, पण तीही टिकली नाही. हजारो माणसं रस्त्यावर आली, याची हळहळ सोलापुरात आजही ऐकू येते. त्यांच्याबरोबर शिकवण्याची एक अख्खी यंत्रणा गेली, तिची हळहळ कुणी केली नाही. गिरणी ही शाळाही होती, हे तिच्या मालकांनाच कधी उमगलं नव्हतं. मग बाकीच्यांना कुठून उमगणार?

गिरण्यांना समांतर शहराच्या पूर्व भागात दुसरं एक विद्यापीठ चालू होतं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणले, पुढं त्यांचे यंत्रमाग झाले, आणि त्यांतून सोलापुरी चादर निघाली. मयूरपंखाची नक्षी, दोन्ही बाजूंनी वापरता येणारा जाड पोत, अंगावर घेतली की वजन जाणवणारी. भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या काही वस्तूंत सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ही दोन्ही नावं आहेत. या धंद्याची शाळा घरातच होती. आई कांड्या भरायची, पोरगं त्या टोपलीत घालून मागापाशी न्यायचं. बारा-तेरा वर्षांचं झालं की वहीफणीतून तार ओवायला बसायचं, एक तार चुकली की नक्षीत उभी रेघ पडते हे तिथंच कळायचं. जकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्यानं एकापुढं एक ओवलेली असतात. भोक असेल तिथं हूक उचलला जातो, नसेल तिथं नाही. संगणकाचा मूळ विचार हाच. पूर्व भागातल्या कित्येक निरक्षर माणसांना तो हाताच्या बोटांनी येत होता.

आता तिथं काय चित्र आहे? अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत कुठल्याही कारखानदाराला विचारा, ‘कामगारच मिळत नाहीत’ हे उत्तर मिळतं. त्याच कारखान्यातल्या कामगाराच्या घरी विचारा, ‘पोरगं बारावी झालंय, घरी बसलंय, काहीतरी बघा की वो’ हे उत्तर मिळतं. दोघंही खोटं बोलत नाहीत. बापानं तीस वर्षं माग चालवला. बहुधा दोन माग, नगावर मजुरी, कानठळ्या बसवणारा आवाज, छातीत कापसाची कणी. पहिल्या वर्षी जो दर होता, तोच दर तिसाव्या वर्षी. नग जास्त निघाले तर पैसे जास्त, एवढंच. कसब वाढलं म्हणून दर वाढला असं झालं नाही. भविष्य निर्वाह निधीवरून मालक आणि कामगार यांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला मुलगा मागापाशी जात नाही, यात त्याचा आळस शोधणं हा अन्याय आहे.

इथं प्रशिक्षणाच्या सरकारी गाडीचा मार्ग पाहण्यासारखा आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात; चार ते एकोणतीस माणसं असतील तर इच्छा असल्यास घ्यावेत. तेव्हा विद्यावेतनाची किमान मर्यादा शिक्षणानुसार पाच ते नऊ हजार रुपये ठरली. आता यंत्रमागाचं युनिट डोळ्यांपुढं आणा. बारा-सोळा माग, पाळी धरून पंधरावीस माणसं. सक्तीच्या रेषेखाली अख्खा धंदा बसतो! कुठं तो मुळातच छोटा आहे, कुठं एकाच शेडमध्ये तीन नावांनी तीन युनिटं दाखवून छोटा केलेला आहे. परिणाम एकच: ज्या धंद्याला माणूस घडवण्याची सर्वांत जास्त निकड, त्याच्यावर घडवण्याची जबाबदारी कायद्यानंही टाकलेली नाही.

मग शिकवतं कोण? १५ जुलै २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. २०१६ नंतरच्या तिच्या दुसऱ्या टप्प्यातले अल्पमुदतीचे अभ्यासक्रम साधारण दीडशे ते तीनशे तासांचे होते. दोनशे तास धरले तर आठ तासांच्या पंचवीस पाळ्या भरतात. पंचवीस पाळ्यांत माणूस रेपियर या बिनधोट्याच्या मागाची बटणं ओळखू लागेल. टॉवेलचे फासे एकसारखे का येत नाहीत, हे त्याला कळणार नाही. याच योजनेत आधीपासून काम येणाऱ्यांना तपासून प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. कल्पना चांगली आहे. वीस वर्षं माग चालवणाऱ्याच्या हातात निदान एक कागद यावा. पण तो कागद घेऊन तो दुसऱ्या दिवशी त्याच मागावर, त्याच दरावर उभा राहतो. कागदाचं मोल मजुरीच्या वहीत दिसलं नाही, तर कामगार तो फ्रेम करून भिंतीला लावतो आणि विसरून जातो.

राज्यातही काही कमी झालेलं नाही. १९ ऑक्टोबर २०२३ ला ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार, सहा महिने. पुढं आणखी पाच महिने वाढवून मिळाले. पैसे देऊन शिकवायचं, हे तत्त्व योग्यच होतं. पण बरीच मुलं ग्रामपंचायत, शाळा, सरकारी कचेऱ्या इथं नेमली गेली. तिथं शिकण्याजोगं काम थोडं आणि पुढं भरती नाही. मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून त्यांनी आंदोलनं केली. त्यांना दोष कसा द्यायचा? अकरा महिने टेबलाशी बसवलेल्या माणसाला टेबल आपलं वाटणारच.

विडीकडे वळल्याशिवाय सोलापूरच्या बेकारीचं बोलणं पुरं होत नाही. या शहरात विडी वळणाऱ्या बायकांचा आकडा साठ-सत्तर हजारांच्या घरात सांगितला जातो. पान रात्री भिजत घालायचं, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, शीर ओळखून पान असं धरायचं की वळताना फाटणार नाही, चिमटीभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. एका विडीला काही सेकंद. दिवसभरात पाचसातशे, हात चपळ असेल तर हजार. कारखान्यात नेल्यावर त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. बोटांची ही चपळाई जगातल्या कुठल्याही असेंब्ली लाइनवर वाखाणली जाईल. पण सरकारी कागदावर ही बाई ‘अकुशल’ ठरते, आणि धंदा तर उतरणीला लागलेला. तंबाखूवरचे निर्बंध, २०१७ पासून विडीवर लागलेला अठ्ठावीस टक्के जीएसटी, तरुणांची बदललेली सवय. सप्टेंबर २०२५ मध्ये कर अठरावर आणायचं ठरलं, तरी नव्या पिढीतल्या मुली सुपात तंबाखू घेऊन बसायला तयार नाहीत. बसूही नयेत. तंबाखूची धूळ श्वासात घेत आयुष्य काढलेल्या आईचीही तीच इच्छा असते.

यांच्यासाठी पर्याय म्हणून नेहमी पुढं येतं ते शिवणकाम. इथं मात्र सोलापूरला एक खरी संधी सापडली. शाळांचे गणवेश, कामगारांचे, रुग्णालयांचे गणवेश शिवणारे उद्योग शहरात वाढले. रेडिमेड कापड उत्पादकांच्या संघानं गणवेशांची मोठी प्रदर्शनं भरवून देशभरचे व्यापारी इथं आणले. मागणी आधी आणि प्रशिक्षण मागून, असा योग्य क्रम निदान एका धंद्यात तरी जुळला. तरीही विडीवाली बाई शिलाईच्या कारखान्यात सहज का जात नाही, हे तिच्या दिवसाकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. विडी ती घरी वळते. मधेच उठून पाणी भरते, नातवाला झोपवते, सासऱ्याला औषध देते. कारखान्याची पाळी नऊ ते सहा असते. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या लढ्यातून तीस हजार घरांची रे नगर वसाहत आकाराला आली; १९ जानेवारी २०२४ ला तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. असंघटित कामगारांना हक्काचं घर मिळालं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण घर शहराबाहेर गेलं आणि काम शहरात राहिलं. बसभाड्यात आणि वेळेत मजुरीचा लचका तुटतो. अशा वेळी शिवणवर्ग शहरातल्या एखाद्या सभागृहात भरवून आणि मशीन वाटून काय साधणार? मशीन वसाहतीत, पाळणाघर शेजारी आणि कापलेलं कापड कारखान्यातून थेट दारात, एवढं जुळलं तर विडीची बोटं टीपही मारतील.

थोडं कापडापासून दूर जाऊ. १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरची कंपनी आज जगभरच्या मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट ओतते आणि घासते. किर्लोस्कर फेरसचा ओतकाम कारखाना इथं आहे, बालाजी अमाइन्स हे रसायनांतलं मोठं नाव सोलापूरचं आहे, आणि साखर कारखाने तर राज्यात सर्वांत जास्त याच जिल्ह्यात. म्हणजे ‘इथं काहीच नाही’ ही रडगाणी पूर्ण खरी नाहीत. पण विजापूर रस्त्यावरच्या शासकीय आयटीआयमध्ये प्रवेशाच्या दिवसांत गर्दी कशाला असते? इलेक्ट्रिशियन आणि फिटर, दोन्ही दोन वर्षांचे. ओतकामाचा फाउंड्रीमन अभ्यासक्रम एका वर्षाचा. बऱ्याच पालकांना त्याचं नावही माहीत नसतं. उष्ण, काळं, घामाचं काम म्हणून ओतशाळेला तोंड वाकडं करणारे आपणच, आणि ‘मुलांना प्रत्यक्ष काम नको असतं’ म्हणणारेही आपणच. वालचंद हिराचंद या शहरात १८८२ मध्ये जन्मले. जहाजं, विमानं, मोटारी करण्याचं वेड या मातीतल्या माणसानं घेतलं होतं. त्यांच्या नावाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारी कितीतरी मुलं मात्र पुण्याकडेच बघत असतात.

त्यांचं कारण समजण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के होती; लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. शिक्षणामुळे बेकारी वाढते, असा याचा अर्थ लावणं धोक्याचं आहे. निरक्षर तरुणाला बेकार बसणं परवडत नाही, एवढाच याचा अर्थ. तो मिळेल ते काम धरतो आणि आकडेवारीत ‘रोजगारप्राप्त’ होतो. पदवीधर मात्र सरकारी नोकरीची वाट बघत बसतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजार चारशे एकाहत्तर जागांना सतरा लाखांहून जास्त. या मुलांना वेडं म्हणण्याआधी एक हिशेब मांडावा: खासगी कारखान्यात कंत्राटावर मिळणारा पगार, नोकरीची अनिश्चिती आणि लग्नाच्या बाजारात त्या नोकरीला मिळणारी किंमत. तो मांडला की मुलगा करतो ते गणित चुकीचं नाही, हे ध्यानात येतं.

आणि देशपातळीवर तरी किती जण काम शिकतात? २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत दिलेल्या आकड्यांप्रमाणे १५ ते २९ वयोगटातल्या फक्त ४.४ टक्के तरुणांनी रीतसर व्यावसायिक प्रशिक्षण घेतलं होतं; आणखी १६.६ टक्के अनौपचारिक वाटांनी, म्हणजे बापाकडून, मामाकडून, गॅरेजमधल्या उस्तादाकडून शिकले होते. जॉबर अजून जिवंत आहे. फक्त तो सरकारी आराखड्यात कुठं बसत नाही.

जर्मनीचं नाव हल्ली महाराष्ट्रात फार घेतलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार झाला, दहा हजार तरुण तिकडे पाठवायचं ठरलं, गावोगावी जर्मन भाषेचे वर्ग निघाले. पाठवायला हरकत नाही. पण जर्मनीला माणसं पाठवण्याऐवजी तिकडून पद्धत आणावी, असं कुणी म्हणालं तर जास्त बरं. तिथला मुलगा आठवड्यातले तीनचार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत असतो, बहुतेक धंद्यांत तीन ते साडेतीन वर्षं. खर्चाचा मोठा वाटा कंपनी उचलते, आणि परीक्षा उद्योगांची मंडळं घेतात. छोट्या कारखानदारालाही ते जमतं, कारण एकट्यानं न जमणारं प्रशिक्षण अनेकजण मिळून देतात. शंभर वर्षांपूर्वीचा गिरणीचा जॉबर आणि ही पद्धत यांच्यात फरक आहे तो नियमांचा, मजुरीच्या पायऱ्यांचा आणि लाच नसण्याचा.

आपल्या कायद्यातही त्याची एक खिडकी आहे. शिकाऊ उमेदवारीच्या व्यवस्थेत मधली संस्था उमेदवार गोळा करून अनेक छोट्या कारखान्यांत वाटू शकते. ही भूमिका यंत्रमागधारकांच्या संघटनेनं घेतली तर पंधरा-पंधरा माणसांची शंभर युनिटं मिळून एक मोठी शाळा होईल. त्यातल्या मुलांना दीड वर्षात साधा माग, रेपियर, इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणि तपासणी या चार खात्यांतून फिरवता येईल. एकाच मागाशी बांधून ठेवावं लागणार नाही. शिकवायला कोण? निवृत्त जॉबर, जुने विणकर. त्यांच्यापाशी आयटीआयच्या निदेशकाला लागणारी पदविका नाही, म्हणून त्यांना बाहेर ठेवणं हा शुद्ध करंटेपणा ठरेल.

अभ्यासक्रमात एक खातं आणखी घालावं लागेल. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाचं कुटुंब आणि कामगाराचं कुटुंब तिथंच राहत होतं. आठ जणांचा जीव गेला, त्यांत लहान मूलही होतं. सूत, कणी, जुनाट वायरिंग आणि बाहेर पडायला एकच दार, अशी कितीतरी शेडं शहरात आहेत. आग कशी पेटते, स्विच कुठं बंद करायचा, दुसरं दार का हवं, हे जो शिकला नाही त्याला कुशल कामगार म्हणता येणार नाही. आणि जो मालक दुसरं दार काढत नाही त्याच्याकडे शिकाऊ मुलगा पाठवता येणार नाही. उमेदवार वाटणाऱ्या मधल्या संस्थेनं पहिल्या दिवशी तपासायची गोष्ट ही.

राहिला प्रश्न दराचा, आणि तोच सगळ्यांत अवघड आहे. मजुरीच्या करारात शिकाऊ, विणकर, वरिष्ठ विणकर, जकार्ड तंत्रज्ञ अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचा वेगळा दर मालक-कामगार दोघांनी लिहून मान्य केला नाही, तर वरचं सगळं बोलणं वाया आहे. मालक म्हणतील, तमिळनाडूतल्या करूरशी आणि शेजारच्या देशांतल्या स्वस्त टॉवेलशी स्पर्धा आहे, दर वाढवणं परवडत नाही. हा मुद्दा खोटा नाही. पण सोलापूरच्या टॉवेलला मानांकन आहे, परदेशी ग्राहक आहे, आणि मालाचा दर्जा राखायला हात लागतात. ते हात आज पन्नाशीच्या पुढचे आहेत. पुढच्या करारासाठी कामगार संघटना आणि यंत्रमागधारक संघ समोरासमोर बसतील, तेव्हा टेबलावर महागाई भत्त्याबरोबर हा पायऱ्यांचा कागदही असावा, एवढी मागणी दोन्ही बाजूंनी आजच नोंदवायला हरकत नाही.